पहिल्या आठवड्यातला आकडा

अक्कोळ (निपाणी),
१० जुलै १९८३

ब्राह्मी,

तुझं पत्र पोचलं. आठवा लागलाय, पाय सुजत्यात, असं लिवलंयस. मीठ कमी खा आन् जड काय उचलू नको. आई असती तर तिनं सांगितलं असतं. आता ते माझ्यावर आलंय.

आनखी एक सांगायचं हाय. ते मी वरीसभर पोटात ठेवलं. कुंथूला पोलिओ झालाय असं मी तुला कळवलंतं, ते खरं न्हाई. मिरजेच्या डॉक्टरांनी त्याच्या पायाचा तुकडा काढून बघितला. मांसाचा आजार हाय म्हणाले. मांस हळूहळू झिजतं, आधी पायाचं, मग हाताचं, मग छातीचं. औषध न्हाई. मी इचारलं, "किती वर्सं?" डॉक्टर म्हणाले, "आत्ताच कशाला विचारता बाई." त्यावरनं मी समजले.

तुला सांगायचं ते ह्याच्या म्होरं हाय. हा आजार आईकडनं येतो. आईला काय होत न्हाई, पोरींना काय होत न्हाई, मुलग्यांना होतो. डॉक्टरांनी इचारलं, तुमच्या माहेरी कुणाला हुतं का? मी म्हटलं न्हाई. घरी आल्यावर आपला थोरला भाऊ, नेमूदादा आठवला. तू तेव्हा पाळण्यात हुतीस. आप्पा त्याला पाठंगुळी घेऊन बस्तीत देवदर्शनाला जायचे, एवढा सोळा वर्साचा घोडा. अंगावरनं वारं गेलंय म्हणायचे सगळे. ते वारं नव्हतं, ब्राह्मी.

म्हंजे आईकडनं मला आलं, तसं तुलाबी आलं असंल. न्हाई तर नसंलबी. डॉक्टर म्हणाले, बहिणीला मुलगा झाला तर पहिल्या आठवड्यातच रक्त तपासून घ्या. मांस झिजतं तेव्हा त्यातलं कायतरी रक्तात उतरतं, त्याचा आकडा काढत्यात. चांगल्या पोराचा आकडा लहान, कुंथूचा हजारांत हाय. बेळगावात रक्त घेत्यात.

मला पाच वर्सं कळलं न्हाई. कुंथू पडायचा तेव्हा मी त्याला मारायची, नीट चाल म्हणून. तुला आधी कळावं म्हणून लिवतीया. रागावू नको.

तुझी आक्का,
धोंडूबाई


खानापूर,
१९ जुलै १९८३

आक्का,

आमची पत्रं लाकडाच्या वखारीच्या पत्त्यावर येतात, त्यामुळे तुझं पत्र ह्यांनी आधी वाचलं. घरी आले, माझ्या पुढ्यात ठेवलं आणि न जेवता परत कामावर गेले.

रागावू नको म्हणतेस. रागावले नाही, पण आठव्या महिन्यात हे का कळवलंस? वरीसभर ठेवलंस तसं आणखी दोन महिने ठेवायचं. पोटात लाथ मारतो तेव्हा आता मी मोजत बसते, जोरात मारली का हळू मारली.

कुंथूचं वाचून दोन दिवस मला घास गेला नाही. दाजींना कळलंय का? तुझ्या सासूला?

पण रक्त मी तपासणार नाही. तू म्हणतेस तुला पाच वर्षं कळलं नाही. ती पाच वर्षं तुझी होती, आक्का. मी दिवाळीला आले होते तेव्हा कुंथू अंगणात कोंबडीमागं पळत होता, पडत होता, पुन्हा उठून पळत होता, आणि तू दारात उभी राहून हसत होतीस. डॉक्टरांनी आकडा आधीच सांगितला असता तर तू हसली असतीस का?

मुलगी होईल असं सगळे म्हणतात. माझं पोट खालून आहे. मुलगी झाली तर हा विषयच राहणार नाही.

ब्राह्मी


अक्कोळ,
२ ऑगस्ट १९८३

ब्राह्मी,

तुझं बरोबर हाय. मी हसत हुते.

तुझ्या दाजींना समदं माहीत हाय. सासूला एवढंच कळलंय की माझ्याकडनं आलंय. ती आता माझ्या हातचं पाणी पिताना आधी तांब्याकडं बघती. जाऊ दे.

तपासायचं म्हणते त्याला दुसरं कारण हाय. कुंथूचं कळायच्या आधी मला परत दिवस गेलते, तुला ठाऊक हाय. सातव्यात गेलं ते पोर. मुलगा हुता. तेव्हा मी भिंतीवर डोकं आपटून रडले. आता वाटतं, बरं झालं. असं आईच्या तोंडून यावं? पहिल्याचं आधी कळलं असतं तर दुसरं येऊच दिलं नसतं, आन् हे म्हणायची पाळी आली नसती. तुझ्यावर ती येऊ नये. दुसरं काय न्हाई.

तपास, न्हाई तर तपासू नको. मी परत लिवणार न्हाई. कुंथू इचारतोय, मावशीला मुलगा झाला तर त्याला माझ्या गोट्या देऊ का. काचंच्या न्हाई म्हणतोय, मातीच्या.

आक्का


बेळगाव,
१४ सप्टेंबर १९८३

आक्का,

मुलगा झाला. मागच्या सोमवारी. फार अडलं होतं. दोन दिवस कळा देऊन शेवटी डॉक्टरीणबाईंनी चिमटा लावून ओढून काढला. त्याच्या कानशिलावर वळ उठलेत आणि एक डोळा सुजलाय, पण आवाज मोठा आहे. वजन चांगलं भरलं. नाक आपल्या आप्पांसारखं.

रक्त तपासायचं नाही असं मी ह्यांना सांगितलं होतं. ते म्हणाले, "तुला नको असेल तर तू ऐकू नको. मला ऐकू दे." टाचेला टोचून रक्त घेतलं. मी कडेला तोंड करून पडले होते.

काल आम्हाला बोलावलं. मी ऐकणार नव्हते, पण ह्यांच्यामागून गेलेच. डॉक्टर तरुण होते. कानडीत बोलत होते, मधेमधे इंग्रजी. आकडा सांगितला. असायला हवा त्याच्या दहापट. मी तुझं नाव सांगितलं, कुंथूचं सांगितलं, नेमूदादाचं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि लिहून घेतलं. तीन महिन्यांनी परत आणा म्हणाले. आणखीही काही सांगत होते, पण मी बाहेर येऊन बाकावर बसले. हे माझ्यामागं आले. आम्ही दोघं बराच वेळ तिथं बसलो. कोणीतरी पेढे वाटत होतं, त्यानं आम्हालाही दिले. ह्यांनी घेतले आणि हातातच धरून ठेवले.

तुझ्या रांगेत आले मी, आक्का.

ब्राह्मी


अक्कोळ,
२२ सप्टेंबर १९८३

ब्राह्मी,

तुझं पत्र वाचून मी घरामागच्या परड्यात जाऊन बसले. कुंथूनं हाक मारली तरी उठले न्हाई.

मी लिवलं नसतं तर तू आज पेढे वाटत असतीस. हे माझ्या डोक्यातनं जात न्हाई. तुझ्या भल्यासाठी लिवलं म्हणते मी, पण आज सकाळी जात्यावर बसले आन् मनात आलं, एकटीनं हे सोसवत नव्हतं म्हणून तर तुला ओढलं न्हाई? देवाला माहीत.

आता ऐक. मी पुढं गेलेली हाय, म्हणून सांगते. पहिली दोन-तीन वर्सं काय बी दिसत न्हाई. उशिरा चालंल, पण चालंल. बोलंल. हट्ट करंल. कुंथूसारखा वाह्यात बोलायला लागंल. परवा सासूला म्हणतोय, "आज्जी, तू बी आता माझ्यागत भिंत धरून चालतीस, आपण शर्यत लावू." ती बी हसली, तोंडाला पदर लावून.

पोराला मांडीवर घे. सारखं घे. ते तीन महिन्यांचं चुकवू नको.

बाळंतपणाला यायला पायजे मी. पण कुंथूला उचलून बाहेर न्यावं लागतंय आता, आन् सासूला झेपत न्हाई. कुणावर टाकून येऊ?

आक्का


खानापूर,
२० नोव्हेंबर १९८३

आक्का,

तीन पत्रं आली तुझी. उत्तर दिलं नाही, क्षमा कर. लिहिण्यासारखं काही नव्हतं.

नाव शीतल ठेवलं. पाळणा गायला कोणाला बोलावलं नाही. सासूबाई म्हणाल्या, कशाला लोकांच्या तोंडी द्यायचं. घरच्या घरी कानात नाव सांगितलं.

माझी तब्येत बरी आहे. तो पण बरा आहे. रडत नाही. दूध पाजते, अंघोळ घालते, पाळण्यात ठेवते. भिंतीकडं बघत पडून राहतो. शेजारच्या तानीबाई, सरकारी दवाखान्यात आया आहेत, त्या कामावरून येताना डोकावतात. म्हणतात, "किती गुणाचं पोर हाय, घेतलं न्हाई तरी कुरकुर न्हाई." आता हसायलाही लागला आहे. कोणी वाकलं की हसतो.

तिसऱ्या महिन्याचं विचारतेस. डिसेंबरात जायचं आहे. पण कशाला, आक्का? आकडा थोडा वर गेला काय, खाली आला काय, आजार तोच. पुन्हा त्या बाकावर जाऊन बसायचं मला होणार नाही. हे कामावरून उशिरा येतात, पाळण्याजवळ उभे राहतात, मग हात धुवायला जातात.

कुंथूला माझा आशीर्वाद सांग. त्याच्या गोट्या पोचल्या.

ब्राह्मी


अक्कोळ,
६ डिसेंबर १९८३

ब्राह्मी,

तुझं पत्र आलं, जीव भांड्यात पडला. तू सावरलीस. पोर शांत हाय, हसतंय, हे लई चांगलं. कुंथू तान्हा असताना मला संडासाला जाऊ द्यायचा न्हाई.

हिकडं बरं न्हाई. गेल्या बुधवारी कुंथू उंबऱ्यावर पडला, मांडीचं हाड मोडलं. निपाणीत प्लास्टर घातलंय. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे हालवायचं न्हाई. मिरजेचे म्हणत हुते, ह्या पोरांना झोपवून ठेवलं की परत उभं राहणं अवघड. मी त्याला तसं सांगितलं न्हाई. तो म्हणतो, प्लास्टर काढलं की मी तंबाखूच्या बोदांच्या थप्पीवर चढणार.

जानेवारीत प्लास्टर काढायला मिरजेलाच नेणार हाय. तेव्हा तुझ्या शीतलचं बी इचारते, खायला काय द्यायचं, तेल कंचं लावायचं.

आक्का


अक्कोळ,
१८ जानेवारी १९८४

ब्राह्मी,

हे पत्र मिळाल्याबरोबर शीतलला घेऊन बेळगावला जा. दिवस बघू नको, वार बघू नको.

काल मिरजेस्नं आलो. प्लास्टर काढलं. कुंथू उभा न्हाई राहिला. ते मी नंतर लिवते. त्याचं झाल्यावर मी डॉक्टरांना शीतलचं सांगितलं, पहिल्या आठवड्यात आकडा दहापट आला म्हणून. त्यांनी इचारलं, "बाळंतपण अडलं होतं का?" मी म्हटलं, व्हय, चिमटा लावून काढलं. तर ते खुर्चीवरनं पुढं झाले. म्हणाले, "मग तो आकडा धरायचा नाही. जन्मताना बाळाचं अंग दाबलं जातं, ओढलं जातं, तेवढ्यानंसुद्धा आकडा वर जातो. बऱ्याच मुलांचा तीन महिन्यांत खाली येतो. म्हणून तर परत आणायला सांगतात. दुसऱ्या वेळी काय आला?"

तू गेलतीस का न्हाई तेच मला ठाऊक न्हाई.

मी म्हटलं, म्हंजे पोर चांगलं हाय? ते म्हणाले, "चांगलं आहे असं मी म्हणत नाही. तुमच्या घरात आजार आहे, तेव्हा निम्मी भीती आहेच. पण आजारी आहे असं आज कोणीच म्हणू नये."

निम्मी, ब्राह्मी. ऐकलंस? बसमध्ये कुंथू माझ्या मांडीवर आडवा, जन्माचा बसला पोरगा, आन् मी हसत हुते. तो म्हणाला, "आई, माझा पाय गेला आन् तू हसतीस?" मी म्हटलं, "मावशीच्या बाळाला हसतीया." त्यानं इचार केला आन् म्हणाला, "मग हस."

जा लगेच. आन् कार्ड टाक.

आक्का


खानापूर,
१७ जानेवारी १९८४

ती. सौ. धोंडूबाई व श्री. रायाप्पा यांस,

कळविण्यास वाईट वाटते की चि. शीतल आज दुपारी गेला. छातीत कफ भरला होता. दवाखान्यात नेले, पण उपयोग झाला नाही. सौ. ब्राह्मीची प्रकृती ठीक आहे. आपण येण्याची तसदी घेऊ नये, कुंथूचे हाल होतील.

आपला,
आण्णाप्पा


अक्कोळ,
२१ जानेवारी १९८४

आण्णाप्पांस,

तुमचं कार्ड आत्ता मिळालं.

माझं एक पत्र अठरा तारखेला टपालात पडलंय. जाड पाकीट हाय. ते ब्राह्मीच्या हाती देऊ नका. तुम्ही बी वाचू नका. चुलीत घाला. हात जोडून सांगते.

मी येते. कुंथूला घेऊनच येते, बाकी कुणावर टाकता येत न्हाई.

धोंडूबाई


खानापूर,
१२ फेब्रुवारी १९८४

आक्का,

पाकीट आधी आलं. ते चुलीत घाला म्हणणारं तुझं कार्ड दुसऱ्या दिवशी. पाकीट ह्यांनी उघडलं नाही. आक्काचं आहे, तुला बरं वाटेल, म्हणून माझ्या हातात दिलं. मी ते मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. ह्यांनी ऐकलं, सासूबाईंनी ऐकलं. मधे थांबायला हवं होतं, पण थांबता आलं नाही.

कसं झालं ते तुला माहीत असावं, म्हणून लिहिते. हे लाकूड मोजायला लोंढ्याला गेले होते, ते मंगळवारी संध्याकाळीच आले. शनिवारी त्याला खोकला आला, रविवारी ताप. सासूबाईंनी ओव्याचा शेक दिला. सोमवारी सकाळी तानीबाई डोकावल्या. त्यांनी अंगडं वर केलं आणि म्हणाल्या, "बाई, पोराच्या बरगड्या आत वढल्या जात्यात. ऊठ, माझ्याबरोबर चल. आत्ता डॉक्टर हायत." मी म्हटलं, "ह्यांना येऊ दे." त्या म्हणाल्या, "दवाखाना हाकेवर हाय, त्याला नवरा कशाला पायजे?" मी म्हटलं, "येते मागून." त्या गेल्या.

मी मागून गेले नाही. दार लावून बसले. तो पाळण्यात धापा टाकत होता. कोणी मला अडवलं नव्हतं, आक्का. सासूबाई बस्तीत गेल्या होत्या. दवाखान्याची घंटा घरात ऐकू येते. मी बसून विचार केला की हा आत्ता गेला तर पडायचा नाही. ह्याचं मांस झिजायचं नाही. सोळा वर्षांचा झाल्यावर ह्याला कोणी पाठंगुळी न्यायला नको. ह्याला कळतही नाही अजून. मला वाटलं ही दया आहे, आणि ती आईलाच करता येते. खरं सांगते, मला तेव्हा फार शांत वाटत होतं.

मंगळवारी तानीबाईंनी येऊन त्याला पाळण्यातून उचललं आणि पळत नेलं. मी चप्पल न घालता त्यांच्यामागं गेले. वाटेत मला एकदम तो हवासा झाला. मी तानीबाईंच्या हातातून त्याला ओढून घेतलं. डॉक्टरांनी नळी लावली, सुई दिली, म्हणाले कालच आणायचं होतं. दुपारपर्यंत होता. त्यानं माझं बोट धरलं नाही. इतके दिवस मी त्याला बोट दिलंच नव्हतं, त्याला सवय नव्हती.

सगळे म्हणतात, सुटला. सासूबाई म्हणायच्या, देवानं सोडवला. तुझं पत्र ऐकल्यापासून त्या काही म्हणत नाहीत. ह्यांना मी विचारलं, "परत का आणायचं ते डॉक्टरांनी सांगितलं होतं का?" ते म्हणाले, "सांगत होते. तू उठून गेलीस, म्हणून मी तुझ्यामागं आलो." नंतर म्हणाले, "मी थांबायला पाहिजे होतं." सोमवारचं मी ह्यांना सांगितलेलं नाही. तानीबाईंना माहीत आहे. त्या आता आमच्या दारावरून जात नाहीत, पलीकडच्या बोळातून जातात.

त्याचं तोंड मला नीट आठवत नाही. हसायला लागला तेव्हापासून मी त्याच्याकडं बघायचं टाळत होते. आता डोळे मिटले की आप्पांचं नाक दिसतं आणि पुढं काही येत नाही. फोटो काढलेला नाही.

तो आजारी होता की नव्हता, ते आता कोणाला कळणार नाही. आधी मी ह्याच्यावरच दिवसभर विचार करायचे. नसेल तर मी चांगलं मूल मारलं. असेल तर निदान... असं करत करत एक दिवस थांबले, कारण 'असेल तर'च्या पुढं काय, ते मला सापडेना.

तुझ्यावर माझा राग नाही. रक्त तपास म्हणालीस ते चूक नव्हतं, आणि परत ने म्हणालीस तेही खरं होतं. त्यातलं काय ऐकायचं हे मीच ठरवलं.

येते म्हणाली होतीस. आली नाहीस ते बरं झालं, आणि आता येऊही नको. कुंथूला घेऊन तर अजिबात नको. तो बसमधून तुझ्या कडेवर उतरेल, मावशी म्हणेल, काहीतरी वाह्यात बोलून मला हसवेल. आणि मी त्याच्याकडं बघेन आणि मला कळेल की माझा शीतल आजारी असता, तरी एवढा झाला असता.

ब्राह्मी